रागावर मात केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मॅडम म्हणाल्या, रोज लिही. काय लिहू? जे येईल ते. काहीच आलं नाही तर? तेच लिही.

काहीच आलं नाही.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आलं. राग आला. म्हणून लिहितोय.

चौकीतले साहेब म्हणाले होते, बन्सीशेठ केस करत नाहीत, पण पोराला समुपदेशनाला पाठवा, सांगवीला एक मॅडम आहेत. आता यात एकानंच जायचं ना? मी. पण आमच्या घरात कोण कुठे एकटं जातं? लग्न जमवायला माणसं घेऊन, मोडायला माणसं घेऊन, बांधाची मोजणी असली तरी माणसं घेऊन. तात्यांनी काल दोन गाड्या भरल्या. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते भिवाशेठ, या वेळचे आमच्या वॉर्डातले इच्छुक. पुढच्या गाडीत तात्या, माझे वडील नाना आणि मी. मागच्या गाडीत भावकी आणि पेढे.

सांगवीची शांत सोसायटी. वॉचमननं आम्हाला बघून गेटच लावून घेतलं. वर मॅडमच्या खोलीत दोन खुर्च्या, एक सोफा, कुंडीत मनीप्लांट. तात्या थेट मॅडमच्या खुर्चीत बसले. इंदुमती मॅडम पन्नाशीच्या असतील, चष्मा दोरीला अडकवलेला. त्या उभ्याच राहिल्या.

तात्यांनी सुरुवात केली, "ताई, तुमी आता मधलं माणूस. त्यांचं म्हणणं तुमी ऐकलंच असंल. आता आमचं ऐका आन काय तो तोडगा काढा."

मॅडम म्हणाल्या, "त्यांचं म्हणजे कोणाचं?"

"बन्सीशेठचं."

"मी त्यांना ओळखत नाही."

तात्या नानांकडे बघून गालातल्या गालात हसले. बाई पक्की हाय, असं ते हसणं. "बरोबर हाय. तुमाला असंच म्हणावं लागतं."

मग मॅडमनी मला विचारलं, झोप लागते का? उत्तर तात्यांनी दिलं. इथे यावं असं तुला स्वतःला वाटलं का? उत्तर तात्यांनी दिलं. राग कधी येतो? तात्यांनी माझ्याकडे बघितलं, मग म्हणाले, "आमच्या घराण्यातच हाय त्यो." नाना मान हलवत होते. नाना नेहमीच मान हलवतात. तात्या काहीही बोलोत, नानांची मान वर-खाली.

शेवटी मॅडमनी सगळ्यांना खाली पाठवलं. खिडकीतून बघितलं तर आमची माणसं पार्किंगमध्ये गोल करून बसलेली. चपला एका बाजूला. कोणीतरी सुपारी कातरत होतं. सोसायटीच्या बायका बाल्कनीत येऊन बघत होत्या. तोवर वेळच संपली. म्हणून मला हा गृहपाठ — रोज लिही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

दसऱ्याचं एकदाच लिहून टाकतो.

आमचा वजनकाटा आहे, मोशीच्या पुढे चाकण रोडला. कंपन्यांचे ट्रक येतात. आधी रिकामे जोखायचे, मग भरलेले, पावती द्यायची. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलं तेव्हापासून मी तिथल्या केबिनमध्ये बसतो. दसऱ्याला काट्याची पूजा चालली होती. तेवढ्यात आदिनाथचा फोन. मित्र माझा, होता म्हणा. "भावा, तेजस्विनीच्या दारात गाडी लागलीय. हार घातलाय. माणसं जमलीत, पेढे वाटतायत."

पुढचं मला नीट आठवत नाही. हातात होतं ते घेऊन निघालो. हातात वीस किलोचं वजन होतं. काटा बरोबर दाखवतो का ते बघायला ठेवतात तसलं. पूजेला धुऊन पुसून ठेवलेलं, वर हळदीकुंकू.

ते मी नवऱ्या मुलाच्या गाडीच्या पुढच्या काचेत घातलं.

नवरा मुलगा नव्हताच. गाडी तेजस्विनीच्या वडिलांची, बन्सीशेठची. तासाभरापूर्वी शोरूममधून आलेली. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. पेढे गाडीचे होते.

हवालदारांनी विचारलं, हत्यार काय? मी म्हणालो, वीस किलो. ते म्हणाले, अरे नाव सांग, वजन नको. मी म्हणालो, वजनच. ते अजून चौकीत आहे, कुंकवासकट.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन. मॅडमना सुट्टी. रागाला नाही.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आज वर एकटा गेलो. तात्या खाली गाडीत.

मॅडमनी विचारलं, आत्ता राग किती आहे, शून्य ते दहामध्ये सांग. मी म्हणालो, शून्य म्हणजे रिकामी गाडी का? त्या म्हणाल्या, हो, तसं समज. मी म्हणालो, मॅडम, रिकामा ट्रकसुद्धा आठ-नऊ टन भरतो, शून्य कोणीच भरत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं! का ते कळलं नाही. पण बरं वाटलं. माझं बोललेलं आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं, हवालदार सोडले तर.

मग म्हणाल्या, "दसऱ्याच्या दिवशी गाडीला हार बघून तुला वाटलं साखरपुडा आहे?"

हो.

"त्या दिवशी गावात आणखी किती गाड्यांना हार होते?"

आता काय सांगणार? सगळ्यांना होते. जेसीबीला होता. आमच्या काट्याच्या खांबाला होता. माझ्या स्वतःच्या बाईकला होता. हार घातलेल्या बाईकवर बसून मी हार घातलेली गाडी फोडायला गेलो होतो. राव, हे मला आज कळलं.

पुढचं त्याहून वाईट. मॅडम म्हणाल्या, तेजस्विनीबद्दल सांग. मी सुटलो. तिची स्कूटर, तिची वेणी, पावसाळ्यात ती सॅक पोटाशी घेते ते. बराच वेळ बोललो. मग त्यांनी विचारलं, "ती कसं बोलते?"

मी म्हणालो, छान.

"काय बोलते?"

कॉलेजच्या जिन्यात एकदा बोलली होती. मी वाटेतच उभा होतो, ती ड्रॉइंग शीटची गुंडाळी घेऊन आली आणि म्हणाली, सरका जरा.

"मग?"

मग काय? मी थिजलो. सरकलोच नाही. ती कडेनं अंग चोरून गेली. मागे एक जण हसला, त्याला मी धरून बदडला, प्रिन्सिपॉलनी नानांना बोलवलं, तात्या आले, तात्यांनी प्रिन्सिपॉलना बदडायची भाषा केली, आणि मी कॉलेज सोडलं.

"आणि त्यानंतर ती काय बोलली?"

काही नाही.

"तू?"

काही नाही.

"दोन वर्षांत?"

पण सगळ्या गावाला माहीत आहे, मॅडम! आदिनाथ तिला वहिनी म्हणतो. माझ्या मडगार्डवर इंग्रजी टी आहे.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आणि तिला माहीत आहे का?"

मी उठलो आणि दार आपटून निघालो. त्या दाराला वर तो दांडा बसवलेला आहे, दार आपोआप हळू लावणारा. मी जीव खाऊन आपटलं. ते आपलं सावकाश, डुलत डुलत आलं आणि टक् करून लागलं. मी बघत उभा. ते लागेपर्यंत फटीतून मॅडमही बघत होत्या.

४ नोव्हेंबर, मंगळवार

जाणार नव्हतो. गेलो. तात्यांनी गाडीत घातलाच.

तात्या आज परत वर आले. त्यांना दाखला पाहिजे. पोरगं बरं झाल्याचा, सहीशिक्क्यासकट. इलेक्शन तोंडावर आहे, बन्सीशेठच्या भावकीत मतं भरपूर, त्यांना काहीतरी दाखवायला हवं. मॅडम म्हणाल्या, असा दाखला नसतो. तात्या म्हणाले, आमच्या काट्याला वर्षाला तपासणी करून शिक्का मारून मिळतो, याला का न्हाई? मॅडम म्हणाल्या, तो काटा आहे. तात्या म्हणाले, ह्यो बी आमचाच हाय.

जिना उतरताना नानांना फोनवर म्हणाले, "बाई शिक्का देत न्हाई. असू दे. आपण लावू."

काय लावणार, ते मी विचारलं नाही. विचारायला पाहिजे होतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

फ्लेक्स लावला!!

चौकात. सिग्नलला थांबलं की समोरच. मी गॉगल घालून, हात जोडून. फोटो चुलतभावाच्या लग्नातला, मागचा मांडव कापून ढग लावलेत. वर लिहिलंय — आमचे लाडके पुतणे चि. रविराज यांनी समुपदेशनाद्वारे रागावर यशस्वीरीत्या मात केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! खाली तात्या, माझ्या दुप्पट. शुभेच्छुक, भावी नगरसेवक. कोपऱ्यात मॅडमचं नाव, 'विशेष आभार'.

ब्लेड घेऊन गेलो. खाली पोरं आधीच जमलेली, मोबाइल वर धरून. आदिनाथ पुढे. म्हणाला, "भावा, फाड. फाडलास तर राग गेला नाही, असं होईल. नाही फाडलास तर फ्लेक्स राहील." आणि आनंदानं वाट बघत उभा.

मी फ्लेक्सकडे बघितलं. फ्लेक्समधला मी माझ्याकडे हात जोडून. कानात आग. दहापैकी चौदा.

ब्लेडनं नख कापलं आणि घरी आलो.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमनी फ्लेक्सचा फोटो आधीच बघितला होता. कोणीतरी पाठवला. त्यांना पाच फोन आले म्हणे, त्यातले दोन बायकांचे, नवऱ्यासाठी. तात्यांना फोन करून त्यांनी स्वतःचं नाव तेवढं काढायला लावलं. तात्यांनी त्यावर स्वतःचा अजून एक फोटो चिकटवला.

मॅडमनी विचारलं, तात्यांना तू काय म्हणालास? काही नाही म्हणालो. आमच्यात तात्यांना कोणी काही म्हणत नाही. आणि नानांना? नाना तर मान हलवतात.

"मग तुझं म्हणणं जातं कुठे?"

मी माझ्या हाताकडे बघितलं. मुद्दाम नाही, सहजच. बराच वेळ आम्ही दोघं माझ्या हाताकडे बघत होतो, जणू तो तिसरा माणूस आहे आणि आता तो बोलेल.

निघताना म्हणाल्या, काच फुटल्यावर तुझं काय झालं ते मला कळलं. तिचं काय झालं?

मला माहीत नाही. दसऱ्यापासून एकदाही मनात आलं नाही. हे लिहितानाच विचित्र वाटतंय. तिच्याशिवाय दुसरं काही मनात येतच नाही, आणि हे आलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आदिनाथला विचारलं. त्यानं आधी हसून घेतलं, मग सांगितलं.

ती दसऱ्यापासून घरात आहे. मोबाइल काढून घेतलाय. कॉलेज बंद, तिसरं वर्ष चालू असताना. स्कूटरची चावी बन्सीशेठच्या खिशात. ती म्हणतेय, मी त्याला ओळखत नाही. तिची आत्या ठकुबाई म्हणतेय, पोरीचं काई असल्याबिगर पोरगं काच फोडतंय व्हय? आता स्थळं बघतायत. खरी.

म्हणजे जो साखरपुड्याचा हार नव्हताच, तो मी आणला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दिवसभर पावत्या चुकल्या. एक ट्रक रिकामा असताना भरलेला दाखवला.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नीट लिहितो.

रविवारी मारुतीच्या देवळात बैठक. आमचे लोक, त्यांचे लोक. ठरलं होतं एवढंच की मी बन्सीशेठच्या पाया पडायचं, शाल-नारळ द्यायचा, विषय संपवायचा. आज जेवताना तात्यांनी भाकरी मोडत सहज सांगितलं, बन्सीशेठशी बोलणं झालंय. पोरीचं नाव झालंच आहे तर देऊन टाकू म्हणतात. बैठकीतच सुपारी फोडू. आपली मतं, त्यांची मतं, एकच घर.

तेजस्विनी. माझ्या घरात. माझी बायको!

आई रडली. नानांनी मान हलवली. मी पाणी प्यालो, परत पाणी प्यालो. अंगणात जाऊन बाईकच्या मडगार्डवरचा टी पुसून चकचकीत केला.

मग विचारलं, तिला विचारलं का?

तात्या हसले. "तिला काय इचारायचं? तिचं तर आधीपास्नंच हाय की तुज्यावर. साऱ्या गावाला म्हाईत हाय. तू फकस्त गप बस. बाकी मी बोलतो."

गप्प बसायचं. तेवढंच. ते तर मला येतंच.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मॅडमना फोन केला. म्हणालो, तुम्हीच सांगा काय करू. त्या म्हणाल्या, तुला काय करायचंय? म्हणालो, लग्न! म्हणाल्या, बरं. आणि पुढे काही बोलल्याच नाहीत. अशी कुठे मध्यस्थ असते का? फोन ठेवेपर्यंत मीच बोलत होतो, आणि शेवटी शेवटी मी काय बोलतोय ते मलाच ऐकू येत होतं.

तिच्याबद्दल मी कायकाय बोलत होतो, त्यात तिनं बोललेलं वाक्य एकच. तेही मी ऐकलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

झालं.

देवळात सतरंजी. या बाजूला आपण, त्या बाजूला ते. बायका ओट्याच्या पलीकडे. ती नव्हती. तिला आणलंच नव्हतं. मधे ताटात सुपारी, नारळ, हार. झेंडूचाच.

तात्यांनी भाषण केलं. दोन घराणी, एक शिवार, तरुण रक्त, झालं गेलं गंगेला मिळालं. मग मला म्हणाले, पाया पड. मी बन्सीशेठच्या पाया पडलो आणि उठलोच नाही. तिथेच गुडघ्यावर बसून म्हणालो, "ती मला ओळखत नाही."

बन्सीशेठ म्हणाले, "काय?"

"तेजस्विनी. ती खरं सांगतेय. आमचं काही नव्हतं. सगळं माझं एकट्याचं होतं. तिला कॉलेजला जाऊ द्या."

आदिनाथ मागे खोकला. बन्सीशेठ वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. "म्हंजी ती तुज्याशी कवा बोललीच न्हाई?"

"एकदा बोलली. सरका जरा, म्हणाली."

मग पलीकडून ठकुबाई फिसकन हसली. मग सगळेच. आमची भावकी जरा जास्तच. दोन वर्षं ज्या पोरांनी मला मजनू म्हणून मिरवला, ती पोरं सतरंजीवर लोळत होती. माझी मूठ आपोआप वळली. मी ती मांडीखाली घातली आणि वर बसलो. खरंच बसलो, तिच्यावर.

तात्या उठून म्हणाले, "पोरगं घाबरलंय. चेष्टा करतंय. काय नाना?"

नानांनी मान हलवली. आडवी.

तात्यांना कळलंच नाही आधी. त्यांनी परत विचारलं. नानांनी परत आडवी हलवली आणि म्हणाले, "बोलला त्ये खरं हाय. सुपारी उचला."

सुपारी कोणी उचलली ते मी बघितलं नाही. मूठ मोकळी केली तर हाताला मुंग्या आल्या होत्या.

१७ नोव्हेंबर, सोमवार

काट्यावर आलेला प्रत्येक ड्रायव्हर — सरका जरा. चहावाला — सरका जरा. कंपनीच्या बसच्या खिडकीतून अनोळखी माणसं — सरका जरा!

आदिनाथला एक लावली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मॅडमना सांगितलं, एक लावली. म्हणाल्या, एकच? म्हणालो, एकच. आधी किती लावल्या असत्यास? विचार केला. म्हणालो, मोजत नव्हतो. त्या हसल्या. पहिल्यांदा हसताना बघितलं.

आज खाली गाडीत तात्या नव्हते. नाना होते. येताना कासारवाडीला थांबून आम्ही भजी खाल्ली. नाना काही बोलले नाहीत. मीही नाही. पण ते गप्प बसणं वेगळं होतं. घरच्यासारखं नव्हतं.

भजी संपल्यावर त्यांनी विचारलं, ती बाई मोठ्या माणसांना बी घेती का रं?

२० नोव्हेंबर, गुरुवार

नानांनी फ्लेक्स उतरवला. तात्या अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. केबिनचं पत्र्याचं छप्पर गळतं, तर नानांनी तोच वर ताणून बांधला. म्हणजे आता उंच ट्रकवाल्यांना मी वरून हात जोडलेला दिसतो. आज दोघांनी परत हात जोडले.

मडगार्डवरचा टी खरवडला. ठसा राहिला आहे. राहू दे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कळलं की तिचं कॉलेज सुरू झालं. मी बघायला गेलो नाही. गेलो नाही हे कोणाला सांगितलंही नाही. इथेच लिहितोय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ती आली. स्कूटर घेऊन थेट काट्यावर. काट्याच्या आकड्यांत काहीतरी वजन उमटलं, मी बघितलं नाही.

म्हणाली, "तो तूच ना?"

हो म्हणालो.

"मला चेहराच आठवत नव्हता." थोडा वेळ बघितलं. छपरावरून खाली आलेल्या फ्लेक्सकडे बघितलं. मग मोबाइल काढला. "त्या मॅडमचा नंबर दे."

दिला. कोणासाठी, ते विचारलं नाही.

मागे ट्रक येऊन थांबला, तिला वळवायला जागा नव्हती, आणि मी बरोबर मधे उभा. तिनं तोंड उघडलं. ती म्हणायच्या आधीच सरकलो.